जुन्या गाडीतले झिजलेले स्विच: दुरुस्ती, बदली आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं साधारण १९५० ते १९८० या काळातल्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांसाठी आहेत. म्हणजे ६ किंवा १२ व्होल्टची बॅटरी, हातात खटका जाणवणारे स्विच आणि मध्ये कुठेही कंट्रोल युनिट नाही.

हेडलाइट मंद जळतात, वायपर रेंगाळतो. दोष स्विचचाच आहे हे कसं ओळखायचं?

स्विच चालू ठेवून, म्हणजे त्यातून खरा करंट वाहत असताना, त्याच्या दोन टर्मिनलांमधला व्होल्टेज मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या लहान रेंजवर ठेवा. एक टोक स्विचच्या येणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरं जाणाऱ्या टर्मिनलला लावा. हेडलाइट चालू असताना ०.१ व्होल्ट किंवा त्याहून कमी दिसलं तर स्विच निर्दोष आहे. ०.२ ते ०.३ दिसलं तर उघडून साफ करायची वेळ झाली. ०.५ च्या वर गेलं तर तो स्विच आतून तापतो आहे.

किती तापतो? १० अँपिअर गुणिले ०.५ व्होल्ट म्हणजे ५ वॅट. पार्किंगच्या एका बल्बाइतकी उष्णता बेकेलाइटच्या बंद डबीत कोंडलेली राहते.

स्विच निर्दोष निघाला तर तीच मोजणी पुढे न्या. बॅटरीच्या खांबापासून बल्बच्या टर्मिनलपर्यंत एकूण घट अर्ध्या व्होल्टच्या आत हवी आणि बल्बच्या अर्थपासून (म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी वाट) बॅटरीच्या अर्थ खांबापर्यंत ०.२ च्या आत. पुष्कळदा दोष गंजलेल्या अर्थचा निघतो आणि बिचारा स्विच उगाच बदलला जातो.

मल्टिमीटरची बीप वाजते. मग स्विच चांगलाच म्हणायचा ना?

नाही. बीप मोडमध्ये मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो आणि काही ओहम रोध असला तरी वाजतो. हेडलाइटच्या सर्किटमध्ये ०.०५ ओहम एवढा रोधही अर्धा व्होल्ट खातो, आणि साधा मीटर इतका लहान रोध नीट दाखवूच शकत नाही. बीपवरून एवढंच कळतं की आतली पट्टी कुठेतरी टेकते आहे.

स्विच खराब होण्याची कारणं कोणती?

कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी पडते आणि दर वेळी धातूचा कण उडतो किंवा वितळून दुसऱ्या बाजूला चिकटतो. एका बाजूला खड्डा पडतो, दुसऱ्या बाजूला टेकाड उभं राहतं. हॉर्न, मोटर, रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) कॉइल अशा गुंडाळीच्या उपकरणांवर ठिणगी जास्त जोरात पडते. बल्बचा त्रास उलटा असतो. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असल्यामुळे स्विच लावताक्षणी नेहमीच्या अनेक पट करंट धावतो.

पण जुन्या गाडीत ठिणगीपेक्षा जास्त स्विच मारते ती ढिली रिव्हेट. टर्मिनलची पितळी पट्टी फिनॉलिक (बेकेलाइटसारख्या कडक) पाटीवर रिव्हेटने दाबलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पाटी आकसते, रिव्हेट सैल पडते, तिथे रोध वाढतो, म्हणून ती आणखी तापते. असा स्विच कॉन्टॅक्ट कितीही घासले तरी सुधारत नाही. टर्मिनल बोटाने हलवून पाहा. ते जरा जरी डुगडुगलं तरी दोष तिथेच आहे.

तिसरं कारण म्हणजे वाळून लाखेसारखं झालेलं ग्रीस, आणि ते सगळ्यात सोपं.

दुरुस्ती करू की नवा आणू?

उघडता येत असेल तर आधी जुना उघडा. मूळ स्विचमध्ये पितळ जाड असतं, स्प्रिंग दमदार असते आणि खटक्याचा आवाजही गाडीच्या वयाला शोभणारा असतो. पाटी जळून कोळसा झाली असेल, खटका धरणारा प्लास्टिकचा तुकडा मोडला असेल किंवा चांदीचा कॉन्टॅक्ट मुळापर्यंत गेला असेल तरच नवा शोधा.

जुन्या साठ्यातला न वापरलेला स्विच मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. तो ४०-५० वर्षं खोक्यात पडून होता, त्याचं ग्रीसही वाळलं आहे आणि कॉन्टॅक्टही काळवंडले आहेत. बसवण्याआधी तोही साफ करावा लागतो. नव्या नकलेत आतली पट्टी पातळ असते आणि टर्मिनल पितळेऐवजी मुलामा दिलेल्या लोखंडाचं निघू शकतं. लोहचुंबक लावून बघा, लगेच कळतं.

कुठलाही बदली स्विच गाडीत बसवण्याआधी टेबलावर बॅटरी, फ्यूज आणि हेडलाइटचा बल्ब जोडून १० मिनिटं चालवा. कोमट झाला तर चालेल. बोट ठेववत नसेल तर परत करा.

काम सुरू करण्याआधी काय सोडवायचं?

बॅटरीचं जे टर्मिनल बॉडीला जोडलेलं आहे ते. निगेटिव्ह काढा असं सरसकट सांगितलं जातं, पण १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं. तिथे निगेटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट होतो. किल्ली बंद आहे एवढ्यावर भागत नाही, कारण हेडलाइट स्विच आणि इग्निशन स्विच या दोन्हींवर फ्यूज नसलेली जिवंत वायर येते. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा.

नंतर दोन बाजूंनी फोटो घ्या आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीचं चिठोरं लावून टर्मिनलचा आकडा लिहा. वायरच्या रंगावर विसंबू नका. पन्नास वर्षांत किती हात त्या डॅशबोर्डमागे फिरले असतील सांगता येत नाही.

स्विच डॅशबोर्डमधून निघतच नाही. काय अडतंय?

बहुधा नॉब. दांडी आत-बाहेर सरकणारा स्विच असेल तर नॉबच्या मानेखाली टाचणीएवढं भोक शोधा. त्यात स्प्रिंगची पिन असते, ती बारीक खिळ्याने दाबून नॉब ओढा. काही नॉबना बारीक आडवा स्क्रू असतो. दोन्ही नसेल तर नॉब आट्यांवर आहे.

पुढची गोल रिंग दोन खाचांची असते. ती पक्कडीने पकडली की ओरखडा ठरलेला. सर्क्लिप पक्कडीची टोकं दोन्ही खाचांत घालून फिरवा, खाली मास्किंग टेप लावा. रॉकर प्रकारचा स्विच दोन बाजूंच्या लवचिक कानांवर अडकलेला असतो. मागून दोन्ही कान एकाच वेळी दाबून पुढे ढकला. पुढून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर कडा हमखास तुटते, कारण ते प्लास्टिक आता ठिसूळ झालेलं आहे.

सीलबंद दिसणारा स्विच उघडायचा कसा?

पत्र्याच्या डबीला तीन-चार दुमडलेल्या जिभा असतात. पातळ पात्याने त्या एकेक करून थोड्या थोड्या उचला, एकदम एक पूर्ण सरळ करू नका. ४५ अंशांपर्यंत पुरतं. जीभ एकदा उघडणं आणि एकदा मिटणं सहन करते, तिसऱ्या वेळी मुळात चीर जाते. जीभ तुटलीच तर उरलेल्या जिभांवर भरवसा न ठेवता डबीला दोन बाजूंनी भोकं पाडून २ मिमीचे स्क्रू लावता येतात. मात्र स्क्रूचं टोक आतल्या पितळी पट्टीला टेकणार नाही हे आधी मोजा.

उघडताना अख्खा स्विच आणि दोन्ही हात पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला. गंमत वाटेल, पण खटका देणारा आतला पोलादी छर्रा ३-४ मिमीचा असतो, त्याच्यामागे दाबलेली स्प्रिंग असते, आणि डबी सुटताक्षणी तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो. छर्रा हरवला तर त्याच मापाचा बेअरिंगचा छर्रा चालतो. स्प्रिंग हरवली तर मात्र पंचाईत. जास्त कडक घातली तर पाटी झिजते, नरम घातली तर खटका धरत नाही.

आतल्या भागांचा क्रम प्रत्येक थराला फोटोत पकडा. सरकती पितळी पट्टी उलटी बसली तरी डबी बंद होते, पण मग पार्किंगच्या जागी हेडलाइट लागतात.

रिव्हेटने बंद केलेला स्विच असेल तर रिव्हेटचं डोकं फक्त वरून ड्रिलने उडवा आणि जोडताना त्या जागी बारीक नट-स्क्रू वापरा. ढिली पडलेली टर्मिनलची रिव्हेट खाली टेकू देऊन छोट्या हातोडीने हलके ठोकून घट्ट करता येते. दोन-तीन हलके ठोके पुरेत, एक जोराचा ठोका पाटी फोडतो. वरून रिव्हेट आणि पट्टी यांच्यावर सोल्डरचा थेंब घातला तर जोड टिकतो. मात्र सोल्डरिंगला तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावू नका, पाटी करपते.

कॉन्टॅक्ट कशाने साफ करायचे?

आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन सगळं ग्रीस काढा. काजळी गेल्यावर कॉन्टॅक्ट तांब्या-पितळेचा आहे की चांदीचा हे दिसेल.

तांबं-पितळ असेल तर फायबरग्लासची लेखणी किंवा ६०० ते १००० नंबरचा पॉलिश पेपर वापरा. टेकाड मोठं असेल तर इग्निशनचे पॉइंट घासायची बारीक कानस चालवा. खड्डा पूर्ण भरून यायची गरज नाही, पृष्ठभाग सपाट टेकला की झालं. एमरी कागद मात्र नको. त्याचे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि पुढच्या ठिणगीला निमित्त देतात.

चांदीच्या कॉन्टॅक्टला कानस लावायची नाही. काळा थर सल्फाइडचा असतो. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमध्ये धरून दाबत ओढली की तो निघतो. मुलामा पातळ असेल तर कानशीच्या चार फेऱ्यांत खालचं तांबं उघडं पडतं, आणि तिथून पुढे स्विच वेगाने खराब होतो.

साफ करून झाल्यावर पट्टीचा दाब तपासा. नुसती चकाकी कामाची नाही. पट्टीने ताण सोडला असेल तर ती किंचित वाकवून दाब वाढवा. फॉस्फर ब्राँझची पट्टी हे सहन करते. तापून निळी-करडी झालेली पट्टी दाब पुन्हा धरत नाही.

आत कोणतं ग्रीस घालायचं?

सरकत्या पितळी कॉन्टॅक्टवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात किंवा कॉन्टॅक्टसाठीचं सिलिकॉन नसलेलं ग्रीस. छर्रा आणि खटक्याच्या खोबणीत साधं लिथियम ग्रीस. ठिणगी पडणाऱ्या कॉन्टॅक्टजवळ सिलिकॉन ग्रीस लावू नका. ठिणगीच्या उष्णतेत त्याचं सिलिका होतं, म्हणजे व्यवहारात कॉन्टॅक्टवर काचेचा पापुद्रा बसतो. तेच ग्रीस बाहेरच्या टर्मिनलांना पाण्यापासून जपायला उत्तम आहे.

गंज सोडवणारा स्प्रे डॅशबोर्डखालून फवारला की स्विच दोन आठवडे सुतासारखा चालतो. पण त्या तेलावर धूळ बसते आणि पुढची चिकटण आधीपेक्षा वाईट होते.

नवा स्विच महिन्याभरात पुन्हा जळाला. असं का?

कारण स्विच दोषी नव्हता. हीटरच्या पंख्याचं उदाहरण घ्या. मोटरची बुशिंग कोरडी पडली की ती जड फिरते, करंट वाढतो आणि स्विचचं प्लास्टिक वितळतं. वायपरमध्ये तेच काम लिंकेजमधलं वाळकं ग्रीस करतं. जळालेला स्विच बदलण्याआधी त्या सर्किटचा करंट डीसी क्लॅम्प मीटरने मोजा. क्लॅम्प नसेल तर मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून थोडा वेळ मोजता येतो. बल्बांचा हिशेब सोपा आहे, वॅट भागिले व्होल्ट. मूळचे ४५ वॅटचे बल्ब काढून कोणी १०० वॅटचे घातले असतील तर फक्त दोन बल्बांचाच करंट १६ अँपिअरच्या पुढे जातो, आणि जुना स्विच एवढ्यासाठी बनलेला नाही.

टर्मिनलवरची ढिली क्लिपही जाळते. ६.३ मिमीची क्लिप हाताने सहज निघत असेल तर पक्कडीने तिच्या कडा किंचित दाबा. पितळ गुलाबी-काळं पडलं असेल तर कापून नवी लावा. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या तारांच्या टोकाला सोल्डर भरू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल पडतो. तिथे दाबून बसवायची नळी वापरा.

रिले लावला तर गाडीचं मूळपण जाईल का?

डॅशबोर्डवर काही दिसत नाही, आणि हेडलाइट स्विचला दीर्घायुष्य द्यायचा याहून चांगला उपाय नाही. मूळ स्विचमधून मग १० अँपिअरऐवजी रिलेच्या कॉइलचा ०.१५ ते ०.२ अँपिअर करंट जातो.

दोन रिले घ्या, एक डिपसाठी आणि एक अपरसाठी. रिलेच्या टर्मिनलांवर आकडे छापलेले असतात. ३० नंबरच्या टर्मिनलला बॅटरीकडून थेट वायर, तिच्यावर बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, प्रत्येक रिलेला वेगळा. ८७ वरून बल्बला. ८६ ला जुन्या स्विचकडून आलेली वायर, ८५ ला अर्थ. वायर किमान २ चौरस मिमीची, म्हणजे ०.३० मिमीच्या २८ तारांची. तिला १७.५ अँपिअरपर्यंत चालतं. एच४ चे ६०/५५ वॅटचे दोन बल्ब अपरवर १० अँपिअर घेतात, म्हणजे पुरेशी जागा आहे.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले सरळसोट जोडला तर डायोड शॉर्ट होतो. तिथे कॉइलला समांतर रोध असलेला रिले निवडा, त्याला दिशा नसते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. रिले लावल्यावर मळका स्विच जास्त सतावू शकतो. मोठा करंट कॉन्टॅक्टवरचा पातळ थर जाळून वाट काढत होता, ०.१५ अँपिअरला ते जमत नाही. म्हणून रिले लावण्याआधी स्विच साफ करा.

गाडी ६ व्होल्टची आहे. काही वेगळं?

सगळं तेच, पण चूक दुप्पट महागात पडते. तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट, आणि तेवढ्याच रोधात उष्णता चौपट. बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या जवळपास ३.४ व्या घाताने बदलतो. अर्धा व्होल्ट गमावला तर १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १३ टक्के प्रकाश जातो, ६ व्होल्टच्या गाडीत चौथा हिस्सा. ६ व्होल्टचे दिवे मंदच असतात हा समज बऱ्याच अंशी मळक्या स्विचांनी आणि गंजलेल्या अर्थने तयार केला आहे.

किल्ली हलवली की इंजिन बंद पडतं. लॉक बदलायचं का?

आधी ठरवा की झिजलंय काय, किल्लीचं लॉक की मागचा विजेचा भाग. इंजिन चालू असताना बॅटरीचा जिवंत खांब आणि इग्निशन सर्किट यांच्यामधली घट मोजत किल्ली हळूच हलवा. आकडा उडत असेल तर मागचा भाग खराब आहे. तो बऱ्याच गाड्यांत दोन स्क्रूंवर किंवा एका रिंगवर असतो आणि लॉक न काढता बदलता येतो. कॉइलच्या आधी बॅलास्ट रोध असेल तर मोजणी त्याच्या आधी करा. त्याच्या पुढे व्होल्टेज मुद्दामच कमी ठेवलेला असतो.

लॉक अडकत असेल तर त्यात तेल सोडू नका, ग्रॅफाइटची कोरडी पूड फुंका. आणि किल्लीला घराच्या, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवू नका. खड्ड्यागणिक त्याचा हिसका लॉकला बसतो.

स्टार्टर नुसता टक् करतो आणि फिरत नाही, पण बॅटरी ठणठणीत आहे? सोलेनॉइड (स्टार्टरला जोडणारा विजेचा खेचक) खेचताना भरपूर करंट मागतो आणि तो इग्निशन स्विचमधूनच जात असतो. इथेही स्टार्टर रिले लावून भार काढता येतो.

ब्रेक लाइट पाय जोरात दाबल्यावरच लागतो.

ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्विचचं हे ठरलेलं दुखणं आहे. २१ वॅटचे दोन बल्ब ३.५ अँपिअर घेतात आणि त्याचे बारीक कॉन्टॅक्ट जळतात. हा स्विच उघडून दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो. नवा आणताना आटे जुळवा. काहींचे निमुळते असतात, काहींचे सरळ, आणि सरळ आट्यांना खाली वॉशर लागतो. एकाच्या जागी दुसरा जबरदस्तीने घुसवला तर गळती होते. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याचा तुकडा ब्रेकच्या नळीत जाऊ शकतो.

बदलल्यावर हवा काढणं आलंच. पेडल जोरात दाबून धरा आणि जोडाखाली कोरडा कागद लावून गळती बघा. ग्लायकॉलचं ब्रेक तेल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नवा स्विचही लवकर जाऊ नये म्हणून इथे छोटा रिले घाला, किंवा पेडलवर बसणारा यांत्रिक स्विच लावा. तो जास्त भरवशाचा आहे.

हे काम पुढच्या रविवारवर ढकलायचं नाही. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

इंडिकेटर आपोआप परत येत नाही, आणि हॉर्नही कधी वाजतो कधी नाही.

इंडिकेटरच्या दांडीखालचं प्लास्टिकचं बोट मोडलेलं असतं. ते बहुधा नायलॉन किंवा अॅसिटलचं असतं आणि अॅसिटलला गोंद धरत नाही. दोन्ही तुकड्यांत १.५ ते २ मिमीचं भोक पाडून पितळी पिन घातली तर जोड टिकतो. बसवताना स्टिअरिंग अगदी सरळ ठेवा, नाहीतर एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा परत येईल.

हॉर्नचं बटण बऱ्याच गाड्यांत अर्थ देतं. स्टिअरिंगच्या दांड्यात रबरी कपलिंग असेल तर अर्थ तिथेच तुटतो, त्यावरून जाणारी छोटी तार शोधा. ती तुटकी असेल तर बटणात कितीही पॉलिश करून फायदा नाही.

दरवाजाचा स्विच आणि पायाचा डिपर?

दरवाजाच्या स्विचला अर्थ त्याच्या स्क्रूमधून मिळतो. भोकाभोवतीचा गंज किंवा नवा रंग खरवडा, बहुतेक वेळा एवढंच पुरतं. तो दाबलेलाच अडकला तर दिवा लागत नाही एवढंच. वर अडकला तर ५ वॅटचा बल्ब ४० अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांत रिकामी करतो.

पायाच्या डिपरला चिखल आणि पाणी मारतं. धुऊन, वाळवून, ग्रीस लावून तो परत येतो. बसवताना खाली रबरी चकती घाला.

वायरवरचे रंग आणि टर्मिनलवरचे आकडे काय सांगतात?

ब्रिटिश गाड्यांत तपकिरी म्हणजे बॅटरीकडून आलेली, फ्यूज नसलेली जिवंत वायर. पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, निळी-पांढरी अपर, निळी-लाल डिप, लाल पार्किंगची, काळी अर्थ. जर्मन गाड्यांत आकडे बघा: ३० बॅटरी, १५ इग्निशन, ३१ अर्थ, ५० स्टार्टर, ५६ हेडलाइट, ५६अ अपर, ५६ब डिप, ५८ पार्किंग, ५४ ब्रेक लाइट.

बदली स्विच बाहेरून तसाच दिसला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. जुना फेकण्याआधी प्रत्येक स्थितीत कोणतं टर्मिनल कोणाला जोडलं जातं याचा तक्ता बीपने बनवा. बीप इथे कामाची आहे.

घरगुती २५० व्होल्ट १० अँपिअरचा स्विच चालेल का?

तो आकडा एसीचा आहे. एसी दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते. डीसीत तशी सवलत नाही. डीसीचा आकडा वेगळा छापलेला असेल तरच घ्या, आणि तो भाराच्या दुप्पट असू द्या.

नॉबवरची अक्षरं पुसली आहेत.

अक्षरं कोरलेली असतील तर पांढरा मेणखडू खोबणीत चोळा आणि वरचं जाड कागदाच्या कडेने खरवडून काढा. छापलेली असतील तर पॉलिश लावू नका, उरलंसुरलंही जाईल.